‘टाइम’चें स्पॅनिश भाषांतर

परकी भाषा शिकणाऱ्याची फजिती बहुधा कठीण शब्दांपाशीं होत नाहीं. कठीण शब्द आला कीं तो सावध होतो व कोश उघडतो. फजिती होते ती ज्यांच्याविषयीं शंकाही येत नाहीं, अशा रोजच्या शब्दांपाशीं. इंग्रजींतील ‘टाइम’ हा असाच एक शब्द. आपल्याकडे स्पॅनिश शिकणारीं मुलें पुष्कळदां इंग्रजीच्या द्वारें ती भाषा शिकतात. तेव्हां या एका शब्दाची स्पॅनिशमध्यें काय वाट लागते, तें आज पाहूं. उच्चार मीं अमेरिका खंडांतील स्पॅनिशचे घेतले आहेत.

कोशांत ‘टाइम’पुढें पहिला शब्द आढळतो तो ‘तिएम्पो’. विद्यार्थी तेवढाच पाठ करतो आणि मेक्सिकोंतल्या एखाद्या गृहस्थास ‘किती वाजले?’ हें इंग्रजी वाक्याच्या साच्यांत ‘तिएम्पो’ बसवून विचारतो. तो गृहस्थ घड्याळाऐवजीं आकाशाकडे पाहूं लागला तर त्याचा दोष नाहीं. कारण ‘तिएम्पो’चा दुसरा अर्थ हवामान असा आहे, आणि ‘के तिएम्पो आसे?’ म्हणजे ‘हवा कशी आहे?’ दुसरा प्रसंग आभारपत्राचा. चार दिवस पाहुणचार घेऊन आलेला मनुष्य ‘आमचा वेळ फार आनंदांत गेला’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य शब्दशः स्पॅनिशमध्यें उतरवतो. यजमानीणबाई वाचतात: ‘आम्हांला हवा चांगली लाभली.’ जेवणाविषयीं व अगत्याविषयीं एक अक्षरही नाहीं! वास्तविक येथें स्पॅनिश मनुष्य काळवाचक शब्द मुळींच वापरीत नाहीं. ‘दिवस चांगले गेले’ अशा धर्तीचें निराळेंच क्रियापद योजतो.

मग ‘टाइम’साठीं शब्द तरी किती? मुख्य चार. खर्च होतो, पुरतो किंवा वायां जातो, तो ‘तिएम्पो’. घड्याळानें दाखविलेली किंवा एखाद्या कामासाठीं ठरलेली, ती ‘ओरा’. जी मोजतां येते, पहिली, दुसरी, शेवटची, ती ‘बेस’. हिचें अनेकवचन ‘बेसेस’. आणि इतिहासांतील एखादें युग सांगावयाचें असल्यास ‘एपोका’. इंग्रज या चौघांना एकाच नांवानें हांक मारतो आणि कोणाला बोलाविलें तें वाक्यावरून ओळखतो. त्याची त्यांत कधीं अडचण होत नाहीं. अडचण होते ती भाषांतर करणाऱ्याची.

पण मराठी बोलणाऱ्याला ही अडचण खरोखर पडावी काय? आपल्या ‘वेळ’ शब्दाकडे लक्ष द्या. ‘मला वेळ मिळाला नाहीं’ येथें वेळ पुल्लिंगी आहे. ‘जेवणाची वेळ झाली’ येथें तीच स्त्रीलिंगी आहे. ‘तीन वेळां सांगितलें’ येथें ती अनेकवचनी झाली. यांपैकीं पहिला ‘तिएम्पो’, दुसरी ‘ओरा’, तिसऱ्या ‘बेसेस’. आणि ‘पेशव्यांच्या काळीं’ म्हणतांना येतो तो ‘काळ’ म्हणजे ‘एपोका’. स्पॅनिश जो भेद निराळ्या शब्दांनीं करते, तोच आपण लिंग व वचन बदलून करतों. योगायोग असा कीं, स्पॅनिशमध्येंही ‘तिएम्पो’ पुल्लिंगी असून ‘ओरा’ व ‘बेस’ स्त्रीलिंगी आहेत. म्हणजे जें ज्ञान आपल्या घरांतील पांच वर्षांच्या मुलालाही आहे, तें इंग्रजीच्या वाटेनें जातांना आपण दाराबाहेर ठेवतों, आणि मग कोशांत शोधीत बसतों!

या शब्दांपैकीं ‘ओरा’शीं तर आपली जुनी ओळख आहे. स्पॅनिशमध्यें तो लिहितांना आरंभीं ‘ह’ लिहितात, पण उच्चारीत नाहींत. तो ‘ह’ उच्चारला कीं पंचांगांतला ‘होरा’ समोर उभा राहतो. मूळ शब्द ग्रीक. तेथून तो एकीकडे लॅटिनमध्यें व लॅटिनमधून स्पॅनिशमध्यें गेला. दुसरीकडे ज्योतिषाबरोबर संस्कृतांत आला. ‘अहोरात्र’ या शब्दाचीं पहिलें व शेवटचें अक्षर गळून ‘होरा’ झाला, असें कांहींचें मत सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें नमूद केलें आहे. पण विद्वानांचा कौल ग्रीक मुळाकडे आहे. ‘बेस’चें लॅटिन मूळ ‘पाळी’ या अर्थाचें असून स्पेनमध्यें दुकानांतील रांगेंतल्या पाळीलाही हाच शब्द लावतात. हवा आणि काळ यांची ‘तिएम्पो’मधील जोडीही आपल्याला परकी वाटूं नये. आपला उन्हाळा ‘उष्णकाल’ यापासून आणि हिवाळा ‘हिमकाल’ यापासून झाला आहे.

तथापि मराठीची मापें स्पॅनिशला सर्वत्र बसतील, असा भरंवसा धरूं नये. आपण ‘तास’ आणि ‘वेळ’ निराळे मानतों. स्पॅनिशमध्यें साठ मिनिटांचा तासही ‘ओरा’च. आपली गोष्ट ‘कोणे एके काळीं’ सुरू होते, पण स्पॅनिश आजी ‘अबीआ ऊना बेस’ म्हणते. म्हणजे काळाऐवजीं ती ‘एकदां’ म्हणते. गुणाकार करतांना इंग्रज मूल ‘टाइम्स’ म्हणतें. आपलें मूल ‘तीन चोक बारा’ म्हणून मोकळें होतें आणि स्पॅनिश मूल नुसतें एक अव्यय घालतें. दोघांच्याही पाढ्यांत काळाचा मागमूस नाहीं.

यावरून घ्यावयाचें तें इतकेंच. शब्दाला प्रतिशब्द शोधण्यापूर्वीं वाक्य कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतें, तें स्वतःस मराठींत विचारावें. किती वेळ? किती वाजतां? कितीदां? कोणत्या काळीं? प्रश्न ठरला कीं शब्द बहुधा आपोआप ठरतो. आणि ठरला नाहीं तर निदान शंका येते, व शंका आली म्हणजे फजिती टळते. दोन परभाषांच्या मध्यें मातृभाषा ही अडगळ नव्हे. ती हातांतील दिवा आहे.

श्रोतेहो, मला दिलेला वेळ संपला आणि निरोप घेण्याची वेळ झाली. यांतला पहिला ‘तिएम्पो’ आणि दुसरी ‘ओरा’, हें आतां मीं सांगावयास नकोच.