एकाच खाजणाच्या दोन याद्या

पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका खाजणाची पहिली नोंद मी मे महिन्यात केली. बांधाच्या आत भेगाळलेली जमीन, वर मिठाची पांढरी साय, मोरस आणि धापा. (मोरसची भाजी करताना ती आधी उकडून पाणी टाकतात; वेगळे मीठ लागत नाही.) ब्राँ-ब्लांके यांच्या पद्धतीने चौकोन आखला, आतली प्रत्येक जात लिहिली, तिने झाकलेल्या जमिनीला अंक दिला. १ म्हणजे पाच टक्क्यांहून कमी, ५ म्हणजे पाऊण जागेहून अधिक. मोरसला ३ पडले. समूहाचे नाव ठरले, मी खूश.

ऑगस्टमध्ये त्याच खुंट्यांपाशी गुडघाभर पाणी होते, चवीला जवळजवळ गोडे. पावसाने मीठ धुऊन खाली नेले होते. मोरस बांधाच्या कडेपुरती उरली होती. मध्ये लव्हाळ्याच्या कुळातली गवते. माझे नाव खोटे ठरले.

ब्राँ-ब्लांके यांनी ही पद्धत १९२८ साली ग्रंथात मांडली. त्यांच्या दक्षिण फ्रान्समधल्या खारपाणथळी हिवाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात सुकतात. आपल्याकडे भरण्याचा हंगाम पावसाळा. म्हणून तिथली नावे उचलून इथे चिकटवता येत नाहीत, आणि एका भेटीत तर नाव देऊच नये. मे महिन्यातली यादी पाहून जमीन 'ओसाड' ठरते, आणि ओसाड जागेवर भराव पडताना कोणी हरकत घेत नाही.

आता मी दोन याद्या करतो, समूह मात्र एकच मानतो. ऑगस्टमधल्या चिखलात मोरसचे बी पडलेलेच असते.