ताठ चेनचा आग्रह: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारसायकलची चेन जितकी ताठ तितकी गाडी तंदुरुस्त, हा समज आपल्याकडे इतका खोलवर रुजला आहे की, गाडीची निगा आपल्या हाताने राखावी अशी इच्छा धरून जो तरुण पहिल्यांदा हाती पाना घेतो, त्याला घरातील वडीलधारे, शेजारचे जाणते आणि नाक्यावरच्या गॅरेजातील मिस्त्री या सर्वांकडून पहिला धडा मिळतो तो हाच. शंका विचारावयास जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या गाडीची चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली असते आणि ती तशी असल्याचा त्यांना अभिमानही वाटत असतो. चेन सैल राहणे हे दुर्लक्षाचे लक्षण आणि ताठ असणे हे दक्षतेचे, असे हे समीकरण आहे. ते चुकीचे आहे, घातक आहे, आणि कितीही वेळा खुलासा केला तरी पुन्हा डोके वर काढते, म्हणून त्याचा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

हा समज आला कोठून, याचा विचार केल्यास त्याला दोष देण्यापूर्वी थोडे थांबावे लागते. आपल्या घरांत मोटारसायकल येण्यापूर्वी सायकल होती, आणि साध्या सायकलचे मागचे चाक सांगाड्यात पक्के बसविलेले असल्यामुळे पुढचे दातेरी चक्र व मागचे चक्र यांमधील अंतर रस्ता कसाही असला तरी बदलत नाही. तेथे चेन फारशी सैल न ठेवण्याचा रिवाज योग्यच होता. पुढे मध्यमवर्गाने ज्या स्कूटरवर संसार ओढला, त्या चेतकसारख्या स्कूटरला मागच्या चाकापर्यंत शक्ती पोहोचविणारी चेनच नव्हती, सगळा मामला गिअरचा होता. परिणामी मोटारसायकलच्या चेनविषयी स्वतंत्र शिक्षण असे कोणाला मिळाले नाही, आणि सायकलवरची वहिवाट जशीच्या तशी मोटारसायकलवर लागू झाली.

परंतु मोटारसायकलचे मागचे चाक स्थिर नसते. ते ज्याला गॅरेजात चिमटा म्हणतात त्या स्विंग आर्मच्या टोकाला बसविलेले असते, आणि हा चिमटा शॉकॲब्झॉर्बरच्या आधाराने खालीवर हलतो. तो ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू आणि पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य हे दोन्ही एकाच ठिकाणी नसतात. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा पुढे आणि चिमट्याची खीळ त्याच्या मागे, अशी सर्वसाधारण रचना असते. आता पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याची खीळ आणि मागच्या चाकाचा ॲक्सल हे तीन बिंदू ज्या क्षणी एका सरळ रेषेत येतात, त्या क्षणी दोन्ही चक्रांमधील अंतर सर्वांत जास्त असते, हे शाळेतील भूमितीनेच सिद्ध होते. गाडी डबल स्टँडवर रिकामी उभी असताना चिमटा मागे खाली उतरता असतो. त्यावर दोन माणसे बसली आणि चाक खड्ड्यातून उसळले की तो त्या सरळ रेषेकडे सरकतो, आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर जी ढील आपल्याला निष्काळजीपणाची वाटते, ती या क्षणासाठी राखून ठेवलेली असते.

अंतरातील हा फरक एकदोन मिलिमीटरचाच असतो, तेव्हा एवढ्याने काय बिघडते, असा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे. अर्ध्या मीटर अंतरावरील दोन टोकांमध्ये चेनचा जो खालचा पदर असतो, त्याची लांबी त्या अंतराहून अवघी 2 मिलिमीटर जास्त असेल तर त्याचा मध्यभाग सरळ रेषेपासून सुमारे 22 मिलिमीटर दूर जाऊ शकतो. 251 चा वर्ग वजा 250 चा वर्ग यांचे मूळ काढून कोणीही पडताळून पाहावे. याचाच उलट अर्थ असा की, चक्रांमधील अंतर किंचित वाढले तरी बोटाला भरपूर वाटणारी ढील जवळजवळ संपून जाते. ज्याने ती आधीच संपवून ठेवली आहे, त्याच्या गाडीला खड्ड्यात गेल्यावर देण्याजोगे काही शिल्लक राहत नाही.

मग काय होते? चेन लांब होऊ शकत नाही आणि चिमटा वर जाऊ पाहतो, तेव्हा तो सगळा ताण पुढच्या स्प्रॉकेटमागच्या दांड्यावर, त्या दांड्याच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर पडतो. दांड्याभोवतीचे ऑइल सील झिजून स्प्रॉकेटच्या झाकणाखाली तेलाचा ओघळ दिसू लागतो. बेअरिंग घरघरू लागते. आणि गिअरबॉक्सच्या त्या बेअरिंगपर्यंत पोहोचण्यासाठी पुष्कळ गाड्यांत इंजिनच उतरवून दुभागावे लागते. एवढ्यावरही भागले नाही आणि चेन तुटली, तर ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचे कवच फोडू शकते किंवा मागचे चाक जागच्या जागी जखडू शकते, आणि हे वेगात घडले तर त्याचे परिणाम सांगण्याची आवश्यकता नाही. ताठ चेनमुळे गाडी चपळ होते किंवा ॲव्हरेज वाढतो, या म्हणण्यालाही काही आधार नाही. घर्षण वाढल्याने शक्ती वायाच जाते. चेनचा खडखडाट बंद झाल्याने गिऱ्हाईक समाधान पावते हे खरे, पण आवाज बंद होणे म्हणजे दोष दूर होणे नव्हे.

याचा अर्थ चेन लोंबू द्यावी असा कोणी घेऊ नये. अतिसैल चेन झाकणावर आपटते, ॲक्सिलरेटर सोडता-देता झटके देते, आणि प्रसंगी दातांवरून उतरते. प्रश्न ताठ की सैल असा नसून किती सैल असा आहे, आणि त्याचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत, कित्येकदा चिमट्यावर किंवा चेनच्या झाकणावर डकविलेल्या पट्टीवरही, आकड्यांत छापलेले असते. रोजच्या वापरातील लहान गाड्यांना हा आकडा बहुधा 20 ते 30 किंवा 25 ते 35 मिलिमीटर असतो. मात्र आपल्या गाडीचा जो असेल तोच प्रमाण मानावा, आणि गाडी डबल स्टँडवर ठेवून मोजावयाचे की साइड स्टँडवर, हेही त्याच पुस्तिकेत पाहावे, कारण स्टँड बदलला की चिमट्याचा कोन बदलतो.

मोजण्याची रीत अशी. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. चेनवर पूर्ण झाकण असलेल्या गाड्यांत खालच्या बाजूला रबरी बूच असते, ते काढले की बोट आत जाते. खालच्या पदराच्या मध्यावर चेन वर दाबावी, मग खाली ओढावी, आणि या दोन टोकांमधील अंतर पट्टीने मोजावे. मग चाक हाताने थोडे फिरवून पुन्हा मोजावे, कारण चेनची झीज सर्वत्र सारखी नसते आणि एखाद्या ठिकाणी ती इतर जागांपेक्षा ताठ लागते. ढील ठरवावयाची ती त्या सर्वांत ताठ जागी. जुळवणीसाठी ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत. ॲडजस्टरचा बोल्ट 6 मिलिमीटर जाडीचा असेल तर एका पूर्ण फेऱ्याने ॲक्सल फक्त 1 मिलिमीटर सरकतो, आणि वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल की तेवढ्यानेही चेनवर मोठा परिणाम होतो. म्हणून पाव-पाव फेऱ्याने पुढे जावे. चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आल्या तरी मागून चेनच्या रेषेत नजर टाकून चाक सरळ असल्याची खातरजमा करावी. ॲक्सल पक्का आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण आवळताना तो सरकतो. नटात कॉटर पिन असेल तर ती नवी घालावी. शेवटी, मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असल्यास चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकही घट्ट झालेला असतो. पेडलची ढील आणि ब्रेकचा दिवा या दोन्ही गोष्टी तपासल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: चेन पुसताना किंवा तिला तेल देताना काम लवकर उरकावे म्हणून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. फडके चेनमध्ये अडकले की बोटे बाहेर काढण्यास अवधी मिळत नाही.

याच समजाचे एक भावंड म्हणजे चेन वापराने ताणून लांब होते ही कल्पना. पोलादाच्या त्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. हान्स रेनोल्ड याने 1880 मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले, तेव्हापासून तिची मूळ घडण तीच आहे: प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती बुश आणि बुशभोवती फिरणारा रोलर. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट वाढते, आणि शंभराहून अधिक सांध्यांच्या फटी मिळून चेन लांब झालेली दिसते. लहान गाड्यांवर सर्रास असलेल्या 428 क्रमांकाच्या चेनमध्ये लगतच्या दोन पिनांच्या मध्यांतील अंतर 12.7 मिलिमीटर असते, म्हणून ओळीने 20 सांध्यांची लांबी नव्या चेनवर 254 मिलिमीटर भरते. ती किती वाढली की चेन बाद करावयाची, ती मर्यादाही बहुतेक पुस्तिकांत दिलेली असते. झिजलेली चेन आवळून ताठ करता येते, नवी करता येत नाही. आणि तिच्याबरोबर स्प्रॉकेटचे दातही आकड्यासारखे वाकडे झाले असतील तर तिन्ही वस्तू एकदमच बदलाव्यात, अन्यथा जुने दात नवी चेन लवकर संपवितात.

इंजिनमधून काढलेले जळके तेल चेनसाठी राखून ठेवण्याची काटकसर बंद करावी. त्यात धातूचा कीस आणि ज्वलनातून आलेली आम्ले असतात, आणि ज्या सांध्याची झीज थांबवावयाची त्यातच आपण ती ओततो. ओ-रिंगच्या चेनला तेल लागत नाही हेही अर्धसत्य आहे. रिंगेच्या आत ग्रीस कोंडलेले असते, परंतु रोलर आणि बाहेरचा पृष्ठभाग उघडेच असतात. तिला पेट्रोलने धुऊ नये आणि तारेच्या ब्रशने घासू नये. चेनचे लॉक कसेही बसविले तरी चालते, असे ज्याला वाटते त्याने त्या क्लिपचे तोंड पाहावे: बंद बाजू चेनच्या धावण्याच्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे, म्हणजे कशावर घासली तरी क्लिप निसटत नाही.

ताठपणाचा हाच मोह नटबोल्टांच्या बाबतीतही दिसतो. ऑइलचा ड्रेन बोल्ट पोलादाचा आणि ज्यात तो बसतो ते कवच ॲल्युमिनियमचे, हे लक्षात घेतले म्हणजे आटे कोणाचे जाणार हे उघड आहे. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 10 किलोचा जोर दिला की सुमारे 20 न्यूटन-मीटर आवळण होते, आणि लहान गाड्यांच्या ड्रेन बोल्टासाठी पुस्तिकेत दिलेला आकडा बहुधा याच्याच आसपास असतो. पान्यात पाइप घालून अंगाचा भार टाकण्याचे तेथे काही कारण नाही. शिकणाऱ्याने पहिली मोठी खरेदी टॉर्क पान्याची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीचे ऑइल महाग, सबब ते मोटारसायकललाही उत्तम, हा तर्क टिकत नाही: आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, आणि इंधन वाचावे म्हणून मोटारींच्या काही तेलांत घातलेली घर्षण घटविणारी द्रव्ये त्या क्लचला घसरावयास लावतात. यासाठीच जासो या जपानी प्रमाणसंस्थेने 1998 साली टी 903 हे प्रमाण लागू केले. डब्यावर एमए किंवा एमए2 ही अक्षरे पाहून तेल घ्यावे, एमबी हे ओल्या क्लचसाठी नव्हे. तेल काळे पडले म्हणजे खराब झाले असे नाही, काजळी धरून ठेवणे हे त्यातील डिटर्जंटचे कामच आहे. बदलावयाचे ते किलोमीटर आणि महिने पाहून. वरच्या खुणेपलीकडे भरलेले जादा तेल इंजिनला संरक्षण देत नाही, फेस धरते आणि ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये उतरते. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद नसते, अकाली पेटण्याला विरोध करण्याचा गुण जास्त असतो. ज्या इंजिनला तो लागत नाही त्याला त्याचा उपयोग नाही. पाणी भरण्याच्या बॅटरीत पिण्याचे पाणी चालत नाही, मग ते बाटलीबंद का असेना. डिस्टिल्ड वॉटरच हवे. टायरमधील हवा लांबचा प्रवास झाल्यावर पंपावर मोजली तर ती जास्तच दाखविणार, म्हणून थंड टायरवर मोजावी. आणि ब्रेकचे तेल कमी झाले नाही म्हणून बदलावे लागत नाही, हेही खरे नव्हे. डॉट 3 आणि डॉट 4 ही तेले हवेतील ओलावा शोषतात, त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापला की लिव्हर हाताला पोकळ लागतो.