गिऱ्हाइकाच्या दारी जाणारा गायक

माल कितीही चांगला असला तरी तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला पाहिजे, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. या नियमाचे मला आवडलेले उदाहरण मात्र कोणा कारखानदाराचे नाही. ते ऑस्ट्रेलियातील एका गायकाचे आहे.

डेव्हिड गॉर्डन कर्कपॅट्रिक यांचा जन्म १९२७ सालचा. न्यू साउथ वेल्स राज्यात, गाईंच्या गोठ्यांत ते वाढले. दहाव्या वर्षी त्यांनी पहिले गाणे रचले आणि अकराव्या वर्षी 'स्लिम डस्टी', म्हणजे सडपातळ, धुळीने माखलेला, असे नाव घेतले. त्या काळी तिकडचे 'कंट्री' संगीत बरेचसे अमेरिकन गुराख्यांच्या गाण्यांच्या वळणावर जाई. यांनी चाल तीच ठेवली, पण विषय आपल्या मातीतले घेतले. १९४६ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले गाणे जुलैतल्या पावसाचे व पुराचे आहे; तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा! पुढे गुराखी आणि मालमोटारींचे चालक त्यांच्या गाण्यांत आले.

१९५४ साली ते व त्यांच्या पत्नी जॉय मकीन, ज्या स्वतः उत्तम गीतकार होत्या, पूर्ण वेळ दौऱ्यावर निघाले. १९६४ पासून दरवर्षी दहा महिने आणि सुमारे ४८,००० किलोमीटर असा प्रवास सुरू झाला. आडगावे आणि आदिवासींच्या वस्त्या हीच त्यांची बाजारपेठ.

गॉर्डन पार्सन्स यांचे 'अ पब विथ नो बिअर' हे गाणे १९५७ साली तबकडीच्या मागच्या बाजूला घातले होते. मद्यगृहातला साठा संपल्याची ही तक्रार! पण तीच गाजली आणि १९५९ साली इंग्लंडच्या विक्री-यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली. तरीही हे गृहस्थ आपला धुळीचा रस्ता सोडून परदेशी स्थायिक झाले नाहीत. त्यांच्या ७० लाखांहून अधिक ध्वनिमुद्रिका खपल्या. २००३ साली निधन झाले तेव्हा १०६ व्या संचाचे काम चालू होते.

आम्ही शाळेत मराठी शिकलो, बाजारात कानडी बोलतो, जमाखर्च इंग्रजीत लिहितो. मोठ्या बाजारात उतरायचे तर आपली बोली घरी ठेवून या, असा सल्ला आम्हांला वरचेवर मिळतो. तो देणाऱ्यांनी या गायकाचे खाते एकदा उघडून पाहावे. तिथे आपली बोली जमेच्या बाजूला मांडलेली दिसेल.