थिएटर नव्हतं, पण तळं होतं! ब्रेगेन्झ शहर तुमच्या व्यवसायाला काय शिकवतं?



"सर, आमच्याकडे मोक्याची जागा नाही, मोठं भांडवल नाही, मग आम्ही काय वेगळं करणार?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. म्हणून आज तुम्हाला एका छोट्या शहरात नेतो.

शहराचं नाव ब्रेगेन्झ. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, लेक कॉन्स्टन्स या विशाल तळ्याच्या काठावर वसलेलं. या तळ्याला ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड असे तीन देश लागतात. शहराची लोकसंख्या साधारण 30 हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गावच म्हणा ना!

1946 साली, महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. गावाने संगीत महोत्सव करायचं ठरवलं, पण थिएटरच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? खडी वाहून नेणारे दोन बार्ज काठाजवळ बांधले. एकावर रंगमंच, दुसऱ्यावर वादक. त्यावर मोझार्टने लहान वयात लिहिलेला छोटासा ऑपेरा सादर झाला. ऑपेरा म्हणजे गाण्यातून उलगडणारं नाटक, आपल्या संगीत नाटकाचा लांबचा नातेवाईकच.

आज तिथे पाण्यावर भव्य रंगमंच आहे आणि समोर जवळपास 7 हजार खुर्च्या. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य मावळता मावळता प्रयोग सुरू होतो. यातून आपण काय घ्यायचं? बघा.

1. अडचणीलाच ओळख बनवा. 1980 मध्ये ब्रेगेन्झला बंदिस्त महोत्सवगृह मिळालं. आता सगळं आत हलवता आलं असतं. पण मुख्य प्रयोग पाण्यावरच ठेवला, कारण चांगली सभागृहं युरोपात पुष्कळ आहेत, तळ्यातला असा रंगमंच मात्र क्वचितच सापडतो.

2. एकच गोष्ट, पण लक्षात राहील अशी. एक ऑपेरा साधारण दोन उन्हाळे चालतो, त्यामुळे नेपथ्याचा खर्च दोन हंगामांवर विभागला जातो. 2007-08 च्या 'टोस्का'साठी तिथे प्रचंड मोठा डोळा उभा केला होता. जेम्स बाँडच्या 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये तोच रंगमंच दिसतो. म्हणजे जाहिरात जगभर झाली! आपण मात्र दर तीन महिन्यांनी नवीन प्रॉडक्ट आणतो आणि जुनं नीट विकायच्या आधीच सोडून देतो.

3. पाऊस येणार हे गृहीत धरा. उघड्यावर कार्यक्रम म्हटला की पाऊस आलाच. म्हणून वादक आत, महोत्सवगृहात बसतात आणि त्यांचं संगीत स्पीकरवरून बाहेर पोहोचतं. रिमझिम असली तरी प्रयोग चालू राहतो. जोरदार पाऊस आला तर कोणत्या तिकिटावर आतला प्रयोग पाहता येईल, हे आधीच सांगितलेलं असतं. ग्राहक अडचण समजून घेतो हो, पण ऐन वेळी बदललेला नियम त्याला चालत नाही.

4. ग्राहकाची अख्खी संध्याकाळ सजवा. प्रयोग रात्री असतो, पण दिवसभर शहर कमावतं. प्फेंडर नावाच्या 1064 मीटर उंच डोंगरावर केबल कार जाते. जवळच्या लिंडाऊ या जर्मन बेटावरून बोटी येतात. हॉटेलवाला, बोटवाला, कॅफेवाला, सगळे एकाच महोत्सवाच्या आधाराने धंदा करतात. तुमच्या शेजारचा दुकानदार स्पर्धक आहे की भागीदार, याचा एकदा विचार करा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर शेंगेन व्हिसावर तिन्ही देश फिरता येतात. झुरिकहून रेल्वे आहे. तिकीट आणि हॉटेल खूप आधी बुक करा. ब्रेगेन्झमध्ये खोली मिळाली नाही तर लिंडाऊमध्ये बघा. उन्हाळा असला तरी रात्री तळ्यावर गारवा असतो, स्वेटर ठेवा. आणि हो, छत्री नको, रेनकोट घ्या, नाहीतर मागच्याला काय दिसणार?

आजचा गृहपाठ: कागदावर दोन रकाने करा. डावीकडे "माझ्याकडे नाही", उजवीकडे "माझ्याकडे आहे". मग उजवीकडची अशी एक गोष्ट शोधा जी शेजाऱ्याकडे नाही. पुढच्या तीस दिवसांत तिच्यावर एक छोटा प्रयोग करा. खर्च किती केला आणि नवीन ग्राहक किती आले, हे मात्र वहीत लिहून ठेवा. आकडे लिहिले नाहीत तर शिकणार कशातून?

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!