ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे!

लग्नाचा अल्बम आपण अधूनमधून काढतो, पुसतो, पुन्हा नीट ठेवतो. पण त्याच कपाटात शालूच्या घडीखाली पडलेली डीव्हीडी कुणाला आठवते? २००० सालानंतर ज्यांची लग्नं झाली त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी अशी एखादी तबकडी असते. त्याआधीच्या व्हीएचएस कॅसेटसुद्धा पुष्कळांनी पुढे डीव्हीडीवर उतरवून घेतल्या. त्या तबकडीत नुसते दागिने आणि पंगती नाहीत. मंगलाष्टकं म्हणताना कातर झालेला वडिलांचा आवाज आहे, उखाण्यासाठी हटून बसलेल्या आत्याबाईंचं हसणं आहे. त्यातली काही माणसं आज नाहीत. त्यांचा चेहरा फोटोत मिळेल, पण त्यांचं बोलणं कदाचित तेवढ्या तबकडीतच उरलं असेल.

अशा लिहिलेल्या तबकडीतला रंगाचा थर उन्हाने, दमटपणाने हळूहळू खराब होतो. म्हणून हे चित्रण वेळीच संगणकावर उतरवून घ्यावं. नव्या लॅपटॉपला तबकडीची खाच नसते, पण यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा मिळतो. मुलगा किंवा भाचा हौसेने हे काम करून देतो, सगळे टीव्हीसमोर बसतात, आणि लक्षात येतं, की भटजींचे ओठ मिटले तरी ‘सावधान’ मागून ऐकू येतंय!

मैत्रिणींनो, एवढ्याने निराश होऊ नका. बहुतेक वेळा हा दोष घरच्या घरी काढता येतो. अट एकच: दोष कोणत्या तऱ्हेचा आहे, ते आधी ओळखायचं.

आधी एवढं पाहून घ्या

मूळ तबकडी प्लेअरवर लावून पाहा. तिथेच आवाज मागेपुढे असेल तर चूक तबकडी तयार करतानाची आहे. तबकडी ठीक आहे आणि फाइल बिघडली आहे, तर चूक उतरवतानाची.

ब्लूटूथ स्पीकर काढून, लॅपटॉपच्याच स्पीकरवर फाइल लावून पाहायला विसरू नका. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो. उलट काही टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घेतात, मग आवाज आधी येतो. अशा वेळी फाइल निर्दोष असते आणि आपण उगीच तिला ठोकत बसतो.

शिवणाचीच गोष्ट

चित्र आणि आवाज या फाइलीत दोन वेगळ्या पट्ट्या असतात. एकमेकींवर ठेवून शिवलेली दोन कापडंच म्हणा ना! शिवताना जे तीन घोटाळे होतात, तेच इथेही होतात.

पहिला: वरचं कापड सुरुवातीलाच बोटभर पुढे धरलं. मग शेवटपर्यंत तेवढंच बोटभर अंतर राहतं.

दुसरा: सुरुवात बरोबर, पण एक कापड मशीनखाली ताणलं गेलं. टोकाला येईपर्यंत ते चांगलं वीतभर लोंबतं.

तिसरा: मध्येच एक तुकडा फाटून गेला. तिथपर्यंत सगळं ठीक, पुढचं सगळं सरकलेलं.

आपल्या फाइलीत यातलं काय झालंय? सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पाहा. बोलणाऱ्या माणसाचे ओठ बघून नेमकं कळत नाही. ठसठशीत खूण शोधा. सिनेमाच्या शूटिंगमध्ये पाटीवर फळी आपटतात ती यासाठीच, की आपटल्याचं चित्र आणि ‘टक्’ हा आवाज पुढे जुळवता यावा. लग्नात अशा खुणांना काय तोटा? अक्षता पडल्यावरच्या टाळ्या, ताशावर पडलेली काठी, फोडलेला नारळ, हातातून निसटलेलं ताट!

किती फरक खटकतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीत याचे आकडे आहेत. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर आवाज ४५ भाग आधी आला की जाणवतो. उशिरा आला तर मात्र सुमारे १२५ भागांपर्यंत कळत नाही. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, याची आपल्याला सवय आहेच. म्हणून आवाज जरासा मागे राहिला तर चालेल, पुढे जाता कामा नये.

सारखं अंतर असेल तर

हा सर्वांत सोपा प्रकार. फाइल संगणकावर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा. विंडोजच्या संगणकावर आवाज मागून येत असेल तर ‘जे’ ही कळ दाबा, आधी येत असेल तर ‘के’. दर दाबण्याला आवाज ५० भागांनी सरकतो आणि आकडा पडद्यावर दिसतो. टाळी जुळली की तो आकडा अधिक-उणे चिन्हासकट वहीत टिपून ठेवा.

ही दुरुस्ती पाहण्यापुरतीच असते, फाइलीत उतरत नाही. कायमची करायची तर एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत साधन घ्या. त्यात फाइल उघडून आवाजाची पट्टी निवडा, ‘डिले’च्या रकान्यात टिपलेला आकडा चिन्हासकट लिहा आणि नवी फाइल तयार करा. चित्राला धक्का लागत नाही, कारण ते पुन्हा घडवलं जात नाही.

अंतर वाढत जात असेल तर

इथे बहुधा चित्रांची गती बदललेली असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत २९.९७. अमेरिकेतल्या दिरांनी बारशाची डीव्हीडी पाठवली आणि इथे कुणी २९.९७ ऐवजी सरळ ३० धरलं, तर तासाभरात चित्र साडेतीन सेकंदांहून अधिक पुढे निघून जातं. फरक वाटतो केसाएवढा, पण गाडी चुकायला पुरतो!

असं झालं असेल तर फाइलीला ठिगळं लावू नका, तबकडीवरून पुन्हा उतरवा. हँडब्रेक हे मोफत साधन वापरत असाल तर गतीसाठी ‘सेम ॲज सोर्स’ म्हणजे मूळ आहे तीच, आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ म्हणजे अखेरपर्यंत एकसारखी, हे दोन पर्याय निवडा.

मूळ तबकडीतच असा दोष असेल तर आवाजाची लांबी बदलावी लागते. ऑडॅसिटी या मोफत साधनात ‘चेंज टेम्पो’ आहे. त्याने आवाज लांब किंवा आखूड होतो, पण पट्टी बदलत नाही. आजीचा आवाज आजीचाच राहतो. सुरुवातीला जुळणी ठीक आणि तासाअखेर आवाज दोन सेकंद मागे असेल, तर ६० मिनिटांचा आवाज ५९ मिनिटं ५८ सेकंदांचा करायचा. मग एमकेव्हीटूलनिक्समध्ये जुन्या आवाजाची खूण काढून हा नवा आवाज चित्राला जोडायचा.

मध्येच उडी असेल तर

तबकडीवर ओरखडा किंवा बोटांचे डाग असले की काही चित्रं वाचलीच जात नाहीत आणि तिथून पुढे गणित चुकतं. तबकडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. डाग चिकट असेल तर कापड किंचित ओलं करा. मग पुन्हा उतरवा.

दुसरं कारण म्हणजे तुकड्यांचा सांधा. डीव्हीडीतलं चित्रण एकेका जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइलींत विभागलेलं असतं. त्या सुट्या सुट्या बदलून मग जोडल्या, की सांध्यापाशी आवाज सरकू शकतो. म्हणून हँडब्रेकला ‘व्हिडिओ टीएस’ हे अख्खं फोल्डर दाखवावं.

एवढं करूनही उडी राहिली, तर तिच्या जवळपास, दोन विधींच्या मधली जागा पाहून फाइलीचे दोन भाग करा आणि दुसऱ्या भागाचा आवाज पहिल्या प्रकारासारखा सरकवा. सीमांतपूजन एका फाइलीत आणि लग्न दुसऱ्या फाइलीत राहिलं, तर काय बिघडलं?

आणि शेवटी

हे सगळं घरच्या चित्रणापुरतं. विकतच्या सिनेमांच्या तबकड्यांना बहुधा कुलूप घातलेलं असतं आणि त्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात, त्या वाटेला जाऊ नये.

दुरुस्तीला बसण्याआधी तबकडीतलं सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवून ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. काम झालं की एक प्रत पेन ड्राइव्हवर माहेरी, एक हार्ड डिस्कवर आपल्याकडे. मूळ तबकडी मात्र टाकू नका. तिच्यावर नाव आणि साल लिहिलेलं पाकीट चढवा आणि कोरड्या जागी उभी ठेवा. काम एका रविवारचं आहे, पण ते तबकडी वाचता येते आहे तोवरच करायला हवं.