अभ्यासाच्या वेळी कोणते संगीत?

हैदराबादेत विवेकवर्धिनी संस्थेची स्थापना १९०७ साली झाली. या शहरातील मराठी मूल आजही घरी मराठी, रस्त्यावर दखनी, बाजारात तेलुगू आणि वर्गात इंग्रजी ऐकत वाढते. अभ्यास करताना गाणे लावावयाचेच असेल, तर न समजणाऱ्या भाषेतील लावावे, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही, अशी युक्ती येथे कोणासही सुचावी. ती फसवी आहे.

कोल व वेल्श या संशोधकांनी १९७६ साली इंग्रजी भाषिकांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवावयास सांगून त्याच वेळी जर्मन उतारा ऐकविला. जर्मन अवगत नसतानाही त्यांच्या चुका वाढल्या. पाठांतर करताना आपण शब्द मनात उच्चारीत असतो आणि बाहेरचा शब्द, अर्थ कळो वा न कळो, त्यात शिरकाव करतो, असे याचे एक स्पष्टीकरण आहे. वाद्यसंगीताचा उपद्रव त्या मानाने कमी, असे १९८९ सालच्या प्रयोगांत दिसून आले.

म्हणून पाढे, सनावळ्या व कविता यांच्या पाठांतरास शांतताच हवी. नकाशे काढणे किंवा वही उतरवून घेणे अशा कामी सतार, सरोद वा बासरीचा संथ आलाप चालेल. द्रुत झाला मात्र लक्ष ओढून घेतो. मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते, ही १९९३ नंतर पसरलेली वार्ता पालकांनी मनावर घेऊ नये. मूळ प्रयोगातील परिणाम पाव तासापलीकडे टिकला नव्हता.

सुलतान बाजारासारख्या गजबजलेल्या वस्तीत रस्त्यावरचे बोलणे बंद करता येत नाही. तेथे मंद वाद्यसंगीताचा आडोसा उपयोगी पडू शकतो. आवाज मात्र शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतकाच ठेवावा.