इअरफोन स्वस्त की महाग?
धाराशिव-तुळजापूर एस.टी.ने रोज ये-जा करणारी मुले मला विचारतात, "डॉक्टर, २०० रुपयांचा इअरफोन घ्यावा की २,००० चा?" गाण्याच्या गोडीपुरते म्हणाल, तर महागात ढोलकी आणि गळा बहुधा वेगवेगळा ऐकू येतो, स्वस्तात पुष्कळदा नुसते ढब-ढब. पण कानाला किंमत कळत नाही. आवाज किती मोठा आणि किती वेळ, एवढेच त्याला कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या निकषाप्रमाणे मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास.

खरी गोम रबरी टोपीत आहे. ती सैल बसली की गाडीची घरघर आत शिरते आणि आपण आवाज चढवतो. म्हणून स्वस्तातला घ्या, पण सोबत लहान-मोठ्या टोप्या असलेला; नीट बसेल तीच लावा. (रस्त्याने चालताना मात्र काढून ठेवा, मागचा ट्रॅक्टर ऐकू येत नाही.) ऐकल्यानंतर कानात शिट्टी वाजू लागली, तर आवाज जास्त झाला असे समजावे. ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. घरी तेल घालू नये.